लॉगिन स्क्रीनवर आपला फोटो: विंडोज ११ आणि लिनक्स मिंटसाठी सविस्तर मार्गदर्शक

संगणक सुरू केल्यावर पासवर्ड टाकण्याआधी जे चित्र दिसतं, ते बदलायचं. काम एवढंच आहे आणि विंडोज ११ मध्ये ते दोन मिनिटांत होतं. तरीही अनेकांच्या तक्रारी सारख्याच असतात. फोटो लावला, पण पासवर्डच्या वेळी तो धूसर दिसतो. काल लावलेला फोटो आज गायब आहे आणि तिथे धाकट्या भावाचा फोटो आलाय. फोटो सुंदर आहे, पण पासवर्डची चौकट नेमकी आजीच्या चेहऱ्यावर येते.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डेस्कटॉप तुमचा असतो, लॉगिन स्क्रीन मशीनची असते. ती दिसते तेव्हा कोणीही आत आलेलं नसतं, आणि कोण येणार हे मशीनला अजून ठाऊक नसतं. घराच्या ओसरीसारखी ही जागा आहे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडणारी. एवढं धरून चाललात तर पुढची एकेक सेटिंग तशी का ठेवली आहे ते समजत जाईल.

आधी दोन पडदे वेगळे ओळखा

विंडोजमध्ये एकामागे एक असे दोन पडदे असतात. पहिला लॉक स्क्रीन. त्यावर घड्याळ, तारीख आणि मोठा फोटो दिसतो. एखादी कळ दाबली किंवा क्लिक केलं की तो वर सरकतो आणि दुसरा पडदा येतो, तो साइन-इन स्क्रीन. पिन किंवा पासवर्ड तिथे टाकायचा. बोलताना आपण दोन्हींना सरसकट लॉगिन स्क्रीन म्हणतो, पण सेटिंग करताना दोन्ही वेगळे धरावे लागतात.

विंडोज ७ मध्ये एकच पडदा होता. तो बदलायचा तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत) एक नोंद करावी लागे आणि सिस्टिमच्या एका आतल्या फोल्डरात ठरावीक नावाची, २५६ केबीपेक्षा लहान जेपीजी फाइल ठेवावी लागे. २०१२ साली विंडोज ८ सोबत लॉक स्क्रीन वेगळी झाली. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा साइन-इनच्या पडद्यावर निळ्या प्रकाशातली ती प्रसिद्ध खिडकी पक्की बसवलेली होती. लॉक स्क्रीनचाच फोटो साइन-इनलाही दिसण्याची सोय ऑगस्ट २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटने दिली. त्याआधीचे लेख आणि व्हिडिओ अजून शोधात वर येतात. त्यातल्या युक्त्यांची आता गरज नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

फोटो तयार करा: खरी मेहनत इथे आहे

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग सेटिंगला दोष देतात. मी म्हणेन की एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ इथेच घालवा.

सुरुवात स्क्रीनच्या मापाने करा. 'सेटिंग्ज' उघडा (विंडोज की आणि आय), 'सिस्टिम' आणि मग 'डिस्प्ले' मध्ये जा. 'डिस्प्ले रेझोल्यूशन' समोरचा आकडा लिहून ठेवा. आज बहुतेक ठिकाणी तो १९२०×१०८० असतो, जुन्या लॅपटॉपवर १३६६×७६८, तर काही नव्या लॅपटॉपवर १९२०×१२००. फोटो निदान एवढा मोठा हवा. लहान फोटो ताणला जातो आणि त्याच्या कडा फुटतात.

आता आकार. मोबाइलचा फोटो साधारण ४:३ प्रमाणात निघतो आणि संगणकाची स्क्रीन बहुधा १६:९ असते. ४०००×३००० चा आडवा फोटो अशा स्क्रीनवर पूर्ण भरला की उंचीतल्या ३००० ओळींपैकी २२५० उरतात, म्हणजे पाव भाग कापला जातो. हाच फोटो उभा काढलेला असेल तर निम्म्याहून अधिक जातो. कापायचं कुठून हे विंडोज तुम्हाला विचारत नाही. म्हणून कात्री आपणच चालवायची. विंडोजच्याच 'फोटोज' ॲपमध्ये फोटो उघडा, वरचं संपादनाचं चिन्ह दाबा, 'क्रॉप' निवडा आणि प्रमाण १६:९ ठेवा. स्क्रीन १९२०×१२०० असेल तर प्रमाण १६:१० लागेल. चौकट हलवून हवा तो भाग आत घ्या आणि प्रत वेगळ्या नावाने जतन करा. मूळ फोटोला हात लावू नका.

चौकट ठरवताना पडद्यावर काय कुठे येतं ते डोळ्यांसमोर ठेवा. विंडोज ११ मध्ये लॉक स्क्रीनवरचं घड्याळ वर, मधोमध येतं. साइन-इनच्या वेळी खात्याचं गोल चित्र, नाव आणि पिनची चौकट मध्यभागी बसते. खाली उजवीकडे नेटवर्क, ॲक्सेसिबिलिटी आणि पॉवरची चिन्हं असतात. एकाहून अधिक खाती असतील तर त्यांची यादी खाली डावीकडे. म्हणजे फोटोतला उभा मधला पट्टा रिकामा हवा. आकाश, पाणी, धुकं, लांबवर पसरलेलं पठार असं काही तिथे असलं की सगळं नीट वाचता येतं. माणसं, देऊळ, किल्ल्याचा बुरूज, झाड जे काही मुख्य असेल ते डाव्या किंवा उजव्या तिसऱ्या हिश्शात घ्या. पावसाळ्यातले सह्याद्रीचे फोटो या कामाला फार चांगले, कारण वरचा अर्धा भाग ढगांनी आपोआप मऊ झालेला असतो. कास पठाराच्या फुलांचे जवळून घेतलेले फोटो मात्र टाळा. प्रत्येक इंचावर ठिपके असलेल्या चित्रावर पांढरी अक्षरं हरवतात.

घड्याळाची आणि नावाची अक्षरं पांढरी असतात, म्हणून फोटो थोडा गडद असलेला बरा. भर दुपारी काढलेल्या उजळ फोटोची चमक 'फोटोज' ॲपमध्येच जराशी खाली आणा. घरात चष्मा लावणारी वडीलधारी मंडळी तोच संगणक वापरत असतील तर यात कंटाळा करू नका.

फोटो मोबाइलमधून संगणकावर आणताना व्हॉट्सॲपने साधा पाठवला तर तो आकाराने लहान होतो. तिथून पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. त्यापेक्षा यूएसबी केबल सरळ. आयफोनचे फोटो अनेकदा एचईआयसी प्रकारात असतात, ते आधी जेपीजीत बदलून घ्या. तयार फोटो पिक्चर्समध्ये 'लॉगिन' नावाचा स्वतंत्र फोल्डर करून त्यात ठेवा. याचं कारण पुढे स्लाइडशोच्या वेळी कळेल.

विंडोज ११ मध्ये फोटो लावणं

आता 'सेटिंग्ज', मग 'पर्सनलायझेशन', मग 'लॉक स्क्रीन'. विंडोज मराठीत वापरत असाल तर नावं मराठीत दिसतील, पण क्रम हाच.

पहिल्याच ओळीत 'पर्सनलाइझ युअर लॉक स्क्रीन' असं लिहिलेलं असतं आणि समोर निवडीची यादी. त्यात तीन पर्याय आहेत. 'विंडोज स्पॉटलाइट' म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून इंटरनेटवरून येणारी बदलती चित्रं. 'पिक्चर' म्हणजे एकच फोटो. 'स्लाइडशो' म्हणजे फोल्डरातले फोटो एकामागून एक. 'पिक्चर' निवडा, 'ब्राउझ फोटोज' दाबा आणि तयार केलेली फाइल उचला. त्याखाली मजेदार माहिती आणि सूचना दाखवण्याबद्दलचा एक चौकोन असतो. तो रिकामा करा, नाहीतर तुमच्या फोटोवर विंडोज स्वतःच्या ओळी छापत राहील.

मग त्याच पानावर खाली 'शो द लॉक स्क्रीन बॅकग्राउंड पिक्चर ऑन द साइन-इन स्क्रीन' अशी लांबलचक ओळ शोधा. हे बटण चालू हवं. ते बंद असेल तर लॉक स्क्रीनवर फोटो दिसेल, पण पिन टाकायच्या पडद्यावर नुसता एकरंगी पडदा येईल. 'अर्धाच फोटो लागला' ही तक्रार बहुतेक वेळा या एका बटणाची असते.

तपासण्यासाठी विंडोज की आणि एल दाबा. फोटो दिसला की एंटर दाबून दुसरा पडदाही बघा. एवढ्यावर थांबू नका. एकदा संगणक रीस्टार्ट करून पुन्हा बघा. लॉक केलेलं मशीन तुम्हाला ओळखत असतं, नव्याने सुरू झालेलं ओळखत नाही. दोन्ही वेळी फोटो नीट दिसला तरच काम पक्कं.

विंडोज १० अजून वापरत असाल तर वाट साधारण हीच आहे, फक्त घड्याळ खाली डाव्या कोपऱ्यात येतं, त्यामुळे फोटोचा तो कोपरा मोकळा ठेवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ही गोष्ट चित्रापेक्षा पुष्कळ महत्त्वाची आहे.

साइन-इनच्या वेळी फोटो धूसर का होतो

हा बिघाड नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने मुद्दाम तसं केलं आहे. पिनची चौकट उठून दिसावी म्हणून मागच्या चित्रावर दुधी काचेसारखा थर येतो. फोटो गजबजलेला असेल तर तो थर राहू द्यावा, असं माझं मत आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे मधला पट्टा मोकळा ठेवला असेल तर त्याची गरज उरत नाही.

तो काढण्याचा सोपा मार्ग 'पर्सनलायझेशन' मधल्या 'कलर्स' मध्ये आहे. तिथलं 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा. याची किंमत अशी की टास्कबार आणि स्टार्ट मेनूचा पारदर्शकपणाही जातो. जुन्या मशीनवर तेवढंच ओझं कमी होतं, म्हणून तिथे मी हा मार्ग बेधडक सुचवतो.

पारदर्शकपणा ठेवायचा आणि फक्त साइन-इनचा थर काढायचा तर ग्रुप पॉलिसी (मशीनचे नियम ठरवणारी विंडोजची सोय) लागते. ती विंडोजच्या प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत मिळते, होममध्ये नाही. स्टार्टमध्ये 'एडिट ग्रुप पॉलिसी' शोधून उघडा. डावीकडे 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', त्यात 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', त्यात 'सिस्टिम', त्यात 'लॉगऑन'. उजवीकडच्या यादीत 'शो क्लिअर लॉगऑन बॅकग्राउंड' वर दोनदा क्लिक करा, 'एनेबल्ड' निवडा, ओके करा आणि मशीन रीस्टार्ट करा. ही सेटिंग 'कॉम्प्युटर' खाली आहे, 'युजर' खाली नाही, हे पाहून ठेवा. म्हणजे ती त्या मशीनवरच्या सगळ्यांना लागू होते.

घरात एक संगणक आणि तीन खाती

लॉक स्क्रीनचा फोटो प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. मग संगणक नुकताच सुरू झाला असताना कोणाचा दाखवायचा? विंडोज सहसा शेवटी ज्याने साइन-इन केलं होतं त्याचा दाखवतं. रात्री भावाने गेम खेळून मशीन बंद केलं की सकाळी त्याचा फोटो दिसणार, यात काही बिघडलेलं नाही. सगळ्यांना एकच चित्र हवं असेल तर घरात सोपा उपाय हा: फोटो सगळ्यांना वाचता येईल अशा फोल्डरात ठेवा (सी ड्राइव्हवर 'युजर्स' मध्ये 'पब्लिक' असतो, त्यातला 'पब्लिक पिक्चर्स') आणि प्रत्येक खात्यातून तोच लावा.

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात एकच चित्र सक्तीने लावायची पॉलिसी आहे. ती 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स' मधल्या 'कंट्रोल पॅनेल', 'पर्सनलायझेशन' खाली सापडते. ती एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांसाठी आहे. प्रोमध्ये ती यादीत दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. उलट बाजूने, ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉक स्क्रीनची सेटिंग करडी पडली असेल आणि संस्था ती सांभाळते अशी ओळ वर दिसत असेल, तर ती आयटी विभागाने बांधलेली आहे. तिथे युक्त्या करू नका, त्यांनाच विचारा. घरच्या मशीनवर पर्सनलायझेशन करडं दिसत असेल तर बहुधा विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं नसतं. 'सिस्टिम' मधल्या 'ॲक्टिव्हेशन' मध्ये ते बघता येतं.

ज्यांना दिसू नये त्यांनाही हे दिसतं

मला सगळ्यात जास्त काळजी या भागाची वाटते. दुकानाच्या गल्ल्यावरचा, ई-सेवा केंद्रातला किंवा होस्टेलच्या खोलीतला संगणक लॉक करून तुम्ही उठता, तेव्हा हा पडदा सगळ्यांसाठी उघडाच असतो. लहान मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो, ज्यावर शाळेचं नाव वाचता येतं, अशा ठिकाणी लावू नका. घराचा दर्शनी भाग आणि गाडीचा नंबर दिसणारे फोटोही नकोत.

स्लाइडशो निवडत असाल तर दुप्पट सावध राहा. अख्खा पिक्चर्स फोल्डर दिला तर त्यात जे आहे ते पडद्यावर येऊ शकतं, आणि आपल्याकडे त्या फोल्डरात आधार कार्डाचा फोटो, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, कसल्याशा अर्जाचा स्क्रीनशॉट हे सगळं साठत गेलेलं असतं. म्हणून आधी तो 'लॉगिन' फोल्डर करायला सांगितला. स्लाइडशोला फक्त तोच द्या.

फोटोखेरीज आणखी दोन जागा बघा. 'अकाउंट्स' मधल्या 'साइन-इन ऑप्शन्स' मध्ये साइन-इन स्क्रीनवर ईमेल पत्ता वगैरे दाखवण्याचं एक बटण आहे, ते बंद ठेवा. आणि 'सिस्टिम' मधल्या 'नोटिफिकेशन्स' मध्ये लॉक स्क्रीनवर सूचना दाखवण्याचा पर्याय आहे, तोही काढा. चित्र कितीही निरुपद्रवी असलं तरी त्यावर एखाद्या मेलचा विषय झळकत असेल तर उपयोग काय?

मराठी कीबोर्ड असेल तर हेही बघा

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांना लॉगिन स्क्रीनवर एक खास अडचण येते. पासवर्ड बरोबर असूनही मशीन तो नाकारतं, कारण त्या पडद्यावर मराठी लेआउट (कळांची मांडणी) चालू असतो आणि चौकटीत देवनागरी अक्षरं पडत असतात. ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा, म्हणजे काय टाइप होतंय ते दिसेल. खाली उजवीकडे भाषेचं चिन्ह असतं, तिथून इंग्रजी निवडा किंवा विंडोज की आणि स्पेसबार दाबा.

कायमचा उपाय कंट्रोल पॅनेलमधल्या 'रीजन' मध्ये आहे. आधी आपल्या खात्यात इंग्रजी कीबोर्ड पहिला ठेवा. मग 'रीजन' उघडून 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' या टॅबवर जा आणि 'कॉपी सेटिंग्ज' दाबा. खाली 'वेलकम स्क्रीन अँड सिस्टिम अकाउंट्स' समोरच्या चौकोनात खूण करून ओके करा. तुमच्या खात्यातली भाषा, तारखेची पद्धत आणि कीबोर्डचा क्रम यामुळे लॉगिनच्या पडद्यावर उतरतो. तुमची आवड मशीनच्या पडद्याला आपोआप कळत नाही, ती अशी मुद्दाम पोहोचवावी लागते.

लिनक्स मिंटमध्ये

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकणारे पुष्कळ आहेत आणि या कामासाठी मिंट मला विंडोजपेक्षा सरळ वाटतं. २०१७ च्या १८.२ या आवृत्तीपासून तिथे लाइटडीएम हा लॉगिन सांभाळणारा प्रोग्रॅम आणि त्याचा स्लिक ग्रीटर हा पडदा आहे. मेनूतून 'ॲडमिनिस्ट्रेशन', मग 'लॉगिन विंडो' उघडा. ते लगेच तुमचा पासवर्ड मागेल, कारण तुम्ही मशीनची सेटिंग बदलत आहात. 'अपिअरन्स' या टॅबवर 'बॅकग्राउंड' समोर फोटो निवडा.

त्याआधी एक गोष्ट करा. हा पडदा तुमच्या नावाने चालत नाही, 'लाइटडीएम' नावाच्या वेगळ्या खात्याने चालतो. त्या खात्याला तुमच्या होम फोल्डरात वाचण्याची परवानगी नसेल तर तिथला फोटो त्याला उघडताच येत नाही, आणि तुम्हाला नुसता रंग दिसतो. म्हणून फोटो सगळ्यांच्या जागी ठेवायचा. फाइल मॅनेजरमध्ये 'फाइल सिस्टिम' उघडा, त्यात 'यूएसआर', त्यात 'शेअर'. तिथे 'बॅकग्राउंड्स' फोल्डरवर उजवं क्लिक करून 'ओपन ॲज रूट' (मशीनचे सर्व अधिकार घेऊन उघडणं) निवडा. वर लाल पट्टी दिसेल. ती दिसत असेपर्यंत फक्त फोटो पेस्ट करा, दुसरं काही हलवू नका. मग फोटोच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये 'परमिशन्स' वर जाऊन 'अदर्स' समोर निदान 'रीड-ओन्ली' आहे ना ते बघा आणि खिडकी बंद करा.

'अपिअरन्स' मध्येच 'ड्रॉ युजर बॅकग्राउंड्स' हे बटण आहे. ते चालू असेल तर नाव निवडताच त्या व्यक्तीचा डेस्कटॉपचा वॉलपेपर मागे येतो. तुम्हाला एकच फोटो कायम हवा असेल तर ते बंद करा. दोन मॉनिटर असतील तर चित्र दोन्हींवर पसरवण्याचा पर्यायही तिथेच आहे. तपासताना मात्र स्क्रीन लॉक करू नका, लॉग आउट करा. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपचा लॉकचा पडदा वेगळा असतो आणि तो तुमच्या डेस्कटॉपचाच वॉलपेपर दाखवतो. त्यामुळे लॉक करून पाहणाऱ्याला वाटतं की काहीच बदललं नाही.

मिंट ज्यावर बेतलेलं आहे त्या मूळ उबुंटूत लॉगिनचा पडदा जीडीएम नावाचा वेगळा प्रोग्रॅम दाखवतो आणि त्याचं चित्र बदलायची सोय सेटिंग्जमध्ये दिलेली नाही.

जुन्या युक्त्यांचं काय करायचं

२०१५ ते २०१६ च्या दरम्यान विंडोज १० साठी सिस्टिम फोल्डरातल्या एका फाइलचा ताबा घेऊन ती बदलायची पद्धत होती आणि ते करून देणारी छोटी ॲप्सही होती. ती आजही डाउनलोडसाठी सापडतात. वापरू नका. ती फाइल साइन-इनच्या पडद्याच्या मांडणीचा भाग आहे. ती बिघडली तर चित्र राहिलं बाजूला, आत शिरणंही अवघड होऊन बसतं. 'लॉगिन स्क्रीन बदलणारं ॲप' ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागत असेल तर पासवर्ड टाकायच्या पडद्यामागे आपण कोणाला बसवतोय याचा विचार करा.

लावलेला फोटो पुढे काढायचा असेल तर पिक्चर्समधली मूळ फाइल पुसून भागत नाही. विंडोज लॉक स्क्रीनसाठी स्वतःची प्रत वेगळी ठेवतं आणि तीच दाखवत राहतं. 'लॉक स्क्रीन' च्या पानावर जाऊन दुसरा फोटो निवडा किंवा 'विंडोज स्पॉटलाइट' वर परत या, मग रीस्टार्ट करून खात्री करा. संगणक विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर एवढ्यावरही थांबू नका. 'सिस्टिम' मधल्या 'रिकव्हरी' तून 'रीसेट धिस पीसी' निवडा आणि त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' चा पर्याय घ्या.